स्कोअरर गार्डच्या हाती संघाची सूत्रं: चालतं का?

उलटाड्रिबल
आमच्या संध्याकाळच्या ग्रुपवर या विषयावरून जुंपली आहे, म्हणून इथे टाकतोय. ज्याचा पिंडच बास्केट करण्याचा आहे, अशा गार्डला (बाहेरून खेळणाऱ्या, बॉल हाताळणाऱ्या खेळाडूला) संघाचा प्लेमेकर, म्हणजे बाकीच्यांना खेळवणारा, करावं का?

माझं मत: करू नये. साक्षीला एनबीए या अमेरिकन लीगमधला डेव्हिन बुकर. 2018-19 मध्ये फिनिक्स सन्सकडे धड पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळी लावणारा) नव्हता, म्हणून बॉल बुकरच्या हातात दिला. त्याचे असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते ते) सामन्याला 6.8 वर गेले, गुणही साडेसव्वीसच्या वर. संघ मात्र 19 जिंकला आणि 63 हरला. पुढच्या मोसमात रिकी रुबिओ आला, संघ जरा माणसात आला. मग क्रिस पॉल हा मुरलेला पॉइंट गार्ड आला: 2021 ला थेट फायनल, 2021-22 ला 64 विजय. बुकर तोच होता, फक्त बॉल वर आणायची आणि सेट लावायची डोकेदुखी दुसऱ्याकडे गेली.

त्यानंतर पॉल गेला, ड्युरंट आणि बील आले, आणि 2023-24 ला पुन्हा 'बुकरच आमचा पॉइंट' सुरू झालं. 49 विजय मिळाले, पण प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत मिनेसोटाने 4-0 धुतलं. चौथ्या सामन्यात पठ्ठ्याने 49 गुण मारले, तरी हरले. आणखी काय पुरावा हवा?

बाकावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पक्का_विरोधक आले का?

पक्का_विरोधक
आलो.

धागाकर्त्याने अगदी सोयीचे मोसम उचललेत. 2018-19 चा सन्स हा मुळात लीगमधल्या सर्वांत वाईट संघांपैकी एक. सेंटर एटन पहिल्याच वर्षाचा, प्रशिक्षक नवा, आजूबाजूला सगळी पोरं. त्या संघात बुकरच्या जागी कोणीही पॉइंट गार्ड असता तरी 25 च्या वर विजय गेले नसते.

आणि 2024-25 का गाळलंत? तेव्हा फिनिक्सने तुमचंच ऐकलं. टायस जोन्स आणला. टर्नओव्हर न करण्यासाठी (बॉल समोरच्यांना न गमावण्यासाठी) ओळखला जाणारा, शंभर टक्के पारंपरिक पॉइंट गार्ड. सोबत माँटे मॉरिस. बुकर आणि ड्युरंट दोघंही होते. निकाल 36-46, प्लेऑफसुद्धा नाही. म्हणजे 'बुकरच पॉइंट' असताना 49 आणि खरा पॉइंट गार्ड आणल्यावर 36. करा हिशोब.

उलटाड्रिबल
@पक्का_विरोधक, जोन्स लहानखुरा आहे, डिफेन्समध्ये त्याला शोधून शोधून मारलं. त्या संघाचं दुखणं डिफेन्सचं होतं. तो मुद्दा प्लेमेकिंगच्या खात्यात कसा टाकता?

पक्का_विरोधक
मग 2018-19 चं दुखणंही डिफेन्सचं होतं. ते तुम्ही प्लेमेकिंगच्या खात्यात कसं टाकलंत?

शेंगाचटणी
1-1. पुढचा पॉइंट कोणाचा?

नवखा_वाचक
मूलभूत प्रश्न विचारतो, रागावू नका. मी क्रिकेटवाला, मुलामुळे बास्केटबॉल बघायला लागलो. हे 'प्लेमेकर' म्हणजे नक्की काय वेगळं करतो? चांगला स्कोअरर पासही देतोच की. सात असिस्ट म्हणजे सात पास दिलेच ना?

लेफ्टीलता
@नवखा_वाचक, छान प्रश्न. असिस्टचा आकडा बघून हे कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (मी विद्यापीठाकडून खेळले आहे, आता शाळेच्या मुलींना शिकवते.)

पिक अँड रोल घ्या. सेंटरने (संघातल्या उंच खेळाडूने) वरच्या बाजूला स्क्रीन लावली, म्हणजे गार्डच्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहिला, गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून आत वळला. या क्षणी गार्डसमोर विरुद्ध संघाचा सेंटर मागे सरकत असतो आणि त्याचा स्वतःचा डिफेंडर पाठीवर असतो. स्कोअररची नजर आधी रिंगकडे जाते: शॉट आहे का? नसेल तर आत घुसता येतंय का? तेही नसेल तर, अरे, सेंटर मोकळा दिसतोय, दे त्याला. म्हणजे पास हा त्याचा तिसरा विचार. असिस्ट मिळतो, पण तोवर अर्धा-पाऊण सेकंद गेलेला असतो आणि सेंटरला बॉल गुडघ्यापाशी, गर्दीत मिळतो.

प्लेमेकर वळतानाच पलीकडच्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे आपला शूटर उभा असतो आणि त्याचा डिफेंडर मदतीला आत येऊ की नको या विचारात असतो. त्या डिफेंडरचा आतला पाय उचलला गेला की बॉल कोपऱ्यात. नाही उचलला तर सेंटरला वरून लॉब (उंच पास). प्लेमेकर त्या कोपऱ्यातल्या डिफेंडरला खेळवत असतो, आणि बऱ्याचदा त्याला आधी डोळ्यांनीच फसवतो. लॉबकडे बघायचं आणि पास कोपऱ्यात द्यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. 'हा पोरगा गेली पाच मिनिटं बॉलला हात न लावता नुसता पळतोय, आता याला एक सोपा शॉट दिला नाही तर हा डिफेन्सला पाय हलवणार नाही' हे ज्याच्या डोक्यात असतं तो प्लेमेकर. स्कोअररने स्वतः तीन शॉट घातलेले असले की त्याला चौथाच दिसतो. त्यात वाईट काही नाही, त्याला त्याचेच तर पैसे मिळतात.

नवखा_वाचक
आता मुलासोबत बघताना फक्त कोपऱ्यातल्या माणसाचे पाय बघणार. धन्यवाद ताई!

हिशोबनीस
लताताई, प्रतिसाद आवडला. पण 'स्कोअरर उशिरा बघतो' हा काही निसर्गनियम नाही. आता या वादातला सगळ्यात टोकाचा नमुना देतो, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही.

नेट 'टायनी' आर्चिबाल्ड, 1972-73, कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज. सामन्याला 34 गुण आणि 11.4 असिस्ट. एकाच मोसमात गुणांतही लीगमध्ये पहिला आणि असिस्टमध्येही पहिला. हे त्याच्याआधी कोणी केलं नव्हतं आणि नंतर आजतागायत कोणाला जमलेलं नाही. 48 मिनिटांच्या सामन्यात सरासरी 46 मिनिटं कोर्टवर. म्हणजे स्कोअरर प्लेमेकर होऊ शकतो का, याचं उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे: एकाच देहात दोन्ही, तेही अव्वल दर्जाचं.

आणि संघ? 36-46. प्लेऑफ नाही.

याच आर्चिबाल्डला विजेतेपद मिळालं ते 1981 मध्ये बॉस्टनकडून. तेव्हा त्याची सरासरी 14 च्या आसपास होती, कारण बास्केट करायला लॅरी बर्ड आणि कंपनी होती. धागाकर्ते म्हणतील, 'बघा, मी म्हणत होतो'. विरोधक म्हणतील, 'किंग्जचा संघच फुसका होता'. दोघांनाही शुभेच्छा.

उलटाड्रिबल
बघा, मी म्हणत होतो.

पक्का_विरोधक
किंग्जचा संघच फुसका होता.

बाकावरचा
:हहपुवा:

डेट्रॉइटवाले_काका
उशिरा पोचलो. मी 80 च्या दशकापासून मिशिगनमध्ये आहे, इथल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाचा जुना भक्त, तेव्हा पक्षपात गृहीत धरून वाचा.

1989 चा वसंत आठवतो. शिकागोच्या प्रशिक्षकाने, डग कॉलिन्सने, मार्चमध्ये जॉर्डनला पॉइंट गार्डला आणलं. जॉर्डनने 11 सामन्यांत 10 ट्रिपल डबल (तीन गोष्टींत दोन आकडी कामगिरी) ठोकले. मोसमाची सरासरी 32.5 गुण, 8 रिबाउंड, 8 असिस्ट. आमच्या ऑफिसात लोक हवालदिल झाले होते की आता याला थांबवायचं कसं. आणि मग कॉन्फरन्स फायनलमध्ये (फायनलच्या आधीच्या फेरीत) पिस्टन्सने त्यांना 4-2 ने घरी पाठवलं. सगळी सूत्रं एकाच माणसाकडे असली की पाच जणांनी एकाला कोंडायचं काम सोपं होतं, आणि कोंडण्यात आमची मंडळी वाकबगार. (रडीचा डाव म्हणणाऱ्यांना उत्तर देणार नाही.)

नंतर शिकागोकडे प्रशिक्षक म्हणून फिल जॅक्सन आला, टेक्स विंटरची ट्रँगल ही आक्रमणाची पद्धत आली. त्यात पारंपरिक पॉइंट गार्ड लागतच नाही, बॉल फिरत राहतो. पॅक्सनसारखा माणूस बॉल वर आणायचा, एक पास द्यायचा आणि मोकळ्या जागेत जाऊन उभा राहायचा. गंमत बघा: 1991 च्या फायनलमध्ये जॉर्डनचे असिस्ट सामन्याला 11.4 होते! पॉइंट गार्ड म्हणून मिरवत होता त्या मोसमापेक्षा जास्त. 'तू प्लेमेकर हो' असं म्हणणं बंद केल्यावर तो खरा प्लेमेकर झाला.

शेंगाचटणी
काका, रडीचा डाव.

कट्ट्यावरची
सगळे इतिहासात शिरलात. जेम्स हार्डनचं नाव अजून कसं नाही आलं? धाग्याचा प्रश्न अक्षरशः त्याच्यावर बेतलेला आहे.

2016-17, ह्यूस्टन. प्रशिक्षक म्हणून माइक डँटोनी आला आणि मोसमाआधीच जाहीर केलं की हार्डन आता पॉइंट गार्ड. पॅट्रिक बेव्हर्लीला बाजूला सरकवलं, पण समोरच्या पॉइंट गार्डला धरायचं काम त्याच्याकडेच ठेवलं. ही चलाखी कोणी फारशी सांगत नाही. आक्रमणात हार्डन पॉइंट, बचावात बेव्हर्ली पॉइंट. म्हणजे एका जागेचं काम दोघांत वाटून दिलं.

निकाल: हार्डन 29.1 गुण, 11.2 असिस्ट, लीगमध्ये असिस्टमध्ये पहिला. आदल्या मोसमात 41-41 असलेला संघ 55-27. याहून स्वच्छ प्रयोग कुठला हवा? माणूस तोच, हुद्दा बदलला, 14 विजय वाढले.

हिशोबनीस
त्याच मोसमात हार्डनने 464 टर्नओव्हर केले, हेही लिहा. तोवर लीगच्या इतिहासात एका मोसमात एवढे कोणीच केले नव्हते.

उलटाड्रिबल
आणि प्लेऑफमधला सॅन अँटोनियोविरुद्धचा सहावा सामनाही लिहा. घरच्या कोर्टवर. समोर ना कवाय लेनर्ड, ना टोनी पार्कर. हार्डनचे 11 पैकी 2 शॉट आत, 10 गुण. संघ 114-75 ने हरला. मोसमभर बॉल वर आणून, प्रत्येक पझेशन (बॉल आपल्याकडे असतानाचा डाव) स्वतः विणून पोरगा मे महिन्यात पार पिळून निघाला होता. माझा मुद्दा हाच आहे: जानेवारीत चालतं, मे मध्ये चालत नाही.

कट्ट्यावरची
एका सामन्यावरून? बरं, मग पुढच्या वर्षी काय केलं ते बघू. क्रिस पॉलला आणलं. तुमच्या मते आता हार्डनला परत नुसता शूटर करायला हवं होतं. केलं का? नाही. पॉल कोर्टवर असताना दोघं आलटून पालटून, पॉल बाकावर असताना हार्डन एकटा. 65 विजय, हार्डन एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). गोल्डन स्टेटविरुद्ध 3-2 ने पुढे होते आणि पॉलचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला. सातव्या सामन्यात ओळीने 27 थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) हुकले. तो प्लेमेकिंगचा दोष नव्हता, शॉट मोकळे होते. पडले नाहीत.

पक्का_विरोधक
+1. बाकी पॉल हा दोन्ही बाजूंचा साक्षीदार दिसतोय. फी घेत असावा.

मॉर्निंगशिफ्ट
अवांतर: तो सातवा सामना मी सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये फोनवर बघत होतो. बारावा थ्री हुकल्यावर ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "साहेब, याला कोणी जवळ जाऊन टाकायला सांगत नाही का?" पूर्ण क्रीडा पत्रकारितेत मला याहून नेमकं विश्लेषण सापडलेलं नाही.

बाकावरचा
काकांना धाग्यावर आणा.

गवतीचहा
अवांतर चालू आहे तर मीही. फायनल आपल्याकडे सकाळी 6 ला सुरू होते. घरात एक जण 5:55 ला उठून टीव्ही लावतो आणि दुसरीने चहा टाकावा अशी अपेक्षा ठेवतो. या घरातला प्लेमेकर कोण आणि स्कोअरर कोण ते ठरवा.

शेंगाचटणी
चहाचा असिस्ट, रिमोटचा टर्नओव्हर.

सदाशिवपेठी_नसलेला
मला एक सांगा, सचिनला कर्णधार केलं तेव्हा हेच झालं नव्हतं का? जगातला सगळ्यात मोठा स्कोअरर, 25 कसोटींत कर्णधार, त्यातल्या 4 जिंकलो. ज्याला स्वतःला सगळं सहज येतं, त्याला बाकीच्यांना का येत नाही हे समजत नाही. माझ्या मते इथेही तेच आहे.

नवखा_वाचक
अखेर माझ्या ओळखीचा खेळ आला!

लेफ्टीलता
सचिनचं उदाहरण इथे बसत नाही हो. क्रिकेटमधला कर्णधार बॅटिंग करताना कर्णधारपद बाजूला ठेवून खेळू शकतो. इथे दोन्ही कामं शॉटसाठी मिळणाऱ्या त्याच 24 सेकंदांत, त्याच बॉलवर करायची असतात. कर्णधारपद वेगळं, प्लेमेकिंग वेगळं. आमच्या विद्यापीठाच्या संघाची कॅप्टन सेंटर होती आणि ती बॉल वर आणायला आली की आम्ही डोळे मिटायचो.

सदाशिवपेठी_नसलेला
मान्य नाही, पण सचिनवर धागा वळला तर संपादक कुलूप लावतील, म्हणून थांबतो.

डेट्रॉइटवाले_काका
पुन्हा आलो. वरची चर्चा वाचून एक जोडी आठवली, ती धागाकर्त्याने नीट बघावी: ॲलन आयव्हर्सन आणि चॉन्सी बिलप्स.

आयव्हर्सन 1996 ला फिलाडेल्फियात पॉइंट गार्ड म्हणून आला. पहिल्या वर्षी 23.5 गुण, 7.5 असिस्ट, ओळीने पाच सामन्यांत 40 च्या वर. संघ 22-60. मग लॅरी ब्राउन प्रशिक्षक झाला, सिॲटलहून एरिक स्नो आणला, बॉल स्नोकडे दिला आणि आयव्हर्सनला शूटिंग गार्ड केलं. सहा फूट उंचीच्या माणसाला! स्क्रीनमागून स्क्रीनमागून पळवायचं, बॉल हातात आला की त्याने फक्त बास्केट करायचं. 2001 मध्ये 56 विजय, एमव्हीपी, फायनल. लेकर्स त्या प्लेऑफमध्ये एकच सामना हरले, तो आयव्हर्सनच्या 48 गुणांमुळे. इथवर धागाकर्ता खूश.

आता बिलप्स. 1997 ला तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला आणि मग बॉस्टन, टोरंटो, डेन्व्हर, मिनेसोटा असा फिरत राहिलेला. कारण प्रत्येक ठिकाणी एकच रड: हा धड पॉइंट नाही, धड शूटर नाही, हा शॉट आधी बघतो. 2002 ला आमच्याकडे आला. 2003 ला आमच्याकडे प्रशिक्षक म्हणून कोण आला? तोच लॅरी ब्राउन! ज्याने आयव्हर्सनच्या हातून बॉल काढून घेतला, त्यानेच बिलप्सच्या हातात ठेवला आणि त्याच्यामागे हात धुवून लागला. 2004 ला लेकर्सना 4-1 ने हरवून विजेतेपद, फायनलचा एमव्हीपी बिलप्स.

म्हणजे प्रशिक्षक एक, दोन स्कोअरर गार्ड, आणि दोन उलट निर्णय. दोन्ही बरोबर.

आणि शेवटचा अंक, जो लिहिताना अजून पोटात दुखतं. नोव्हेंबर 2008 ला आमच्या शहाण्यांनी बिलप्सला डेन्व्हरला देऊन आयव्हर्सनला आणलं. डेन्व्हर 54 जिंकून कॉन्फरन्स फायनलला गेलं. आम्ही 39-43, पहिल्या फेरीत क्लीव्हलंडकडून 4-0. आयव्हर्सनचं वय झालं होतं हे खरं, पण आमचा संघ ठरलेल्या जागी बॉल मिळण्याच्या सवयीवर चालायचा. रिप हॅमिल्टन स्क्रीनमागून सुटून बाहेर आला की बिलप्सचा पास त्याच्या हातात आधीच येऊन पोचलेला असायचा. आयव्हर्सन असताना रिप सुटून यायचा आणि नुसता उभा राहायचा.

हिशोबनीस
काका, या प्रतिसादावर वेगळा धागा काढा. वाचनखूण साठवली.

कट्ट्यावरची
अप्रतिम! फक्त एक पुस्ती. आयव्हर्सनच्या काळात हाताने अडवायला बरीच मोकळीक होती. 2004-05 पासून पंच ते कडकपणे पकडायला लागले आणि स्कोअरर गार्डला बॉल घेऊन आत जाणं सोपं झालं. आत जाणं सोपं झालं की मदतीला माणूस येणार, माणूस आला की पास सापडणार. आता तर बाहेर चार-चार शूटर उभे असतात. म्हणजे पूर्वी ज्या स्कोअररला प्लेमेकर व्हायला आडवी-तिडवी नजर लागायची, त्याला आज कोर्टच पास दाखवतं.

उलटाड्रिबल
हा मुद्दा चांगला आहे. पण कोर्ट पास दाखवत असेल तर मग बुकरला 2023-24 मध्ये का दिसले नाहीत? सोबत ड्युरंट होता!

पक्का_विरोधक
दिसले हो. 6.9 असिस्ट होते. प्रश्न असा की मिनेसोटाने बुकरवर मोठ्या हाताचे, ताज्या दमाचे लोक एकामागून एक सोडले, आणि तो बॉल कोणाला द्यायचा तर ड्युरंट आणि बील. दोघंही बॉल आल्यावर पहिल्यापासून सुरू करणारे. तीन स्कोअरर, त्यामुळे पझेशन प्रत्येकाकडे येऊन शून्यापासून चालू.

हेच 2025 च्या फायनलशी ताडून बघा. इंडियानाकडे हॅलिबर्टन: धागाकर्त्याच्या स्वप्नातला प्लेमेकर, आधी पास, मग शॉट. ओक्लाहोमाकडे शे गिल्जस-अलेक्झांडर: सामन्याला 32.7 गुण, 6.4 असिस्ट, हाडाचा स्कोअरर. संघ 68-14. फायनल सात सामने चालली. सातव्यात शेने 29 गुण आणि 12 असिस्ट केले. स्कोअरर गार्ड, एमव्हीपी, फायनल एमव्हीपी, विजेता. मी विश्रांती घेतो.

उलटाड्रिबल
सातव्या सामन्यात हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) पहिल्याच क्वार्टरमध्ये गेला. तोवर इंडियाना अजिबात दबलेलं नव्हतं. आणि पहिला सामना 0.3 सेकंद राहिले असताना कोणी काढला होता? हॅलिबर्टननेच, शॉट मारून. म्हणजे 'आधी पास'वाल्यालाही वेळ पडली की शॉट येतो. उलटं मात्र होत नाही.

पक्का_विरोधक
12 असिस्ट म्हणजे उलटं झालंच की! वर आकडा काय शोभेला लिहिलाय का?

डेट्रॉइटवाले_काका
भांडू नका. शेच्या शेजारी जेलेन विल्यम्स होता हे दोघंही विसरलात. शेला दोघांनी घेरलं की बॉल विल्यम्सकडे, आणि तो घाई न करता चार विरुद्ध तीन खेळवायचा. बर्‍याच पझेशन्सना तर सुरुवातच तो करायचा.

मॉर्निंगशिफ्ट
डेन्व्हरला तर प्लेमेकर सेंटरच आहे. योकिच फ्री थ्रो रेषेच्या टोकापाशी उभा राहून सगळ्यांना खेळवतो, आणि त्यामुळे जमाल मरे या हाडाच्या स्कोअररचे 2023 च्या फायनलमध्ये सामन्याला 10 असिस्ट झाले. गार्डवरच अडून का बसलोय आपण?

लेफ्टीलता
@मॉर्निंगशिफ्ट, अगदी. वरची सगळी उदाहरणं एका ओळीत ठेवा: आर्चिबाल्ड एकटा, 1989 चा जॉर्डन एकटा, 2017 चा हार्डन एकटा. 2018 चा हार्डन आणि पॉल, शे आणि विल्यम्स, मरे आणि योकिच. स्कोअररला पास देता येतो का, यावर आपण शंभर प्रतिसाद घालवतोय. त्याच्या हातून बॉल काढून घेतला तर पुढे कोण, हे विचारा. तो दुसरा माणूस असेल तर स्कोअरर बिनधास्त प्लेमेकर होऊ दे. नसेल तर अस्सल पॉइंट गार्डही कोंडला जातो, फक्त जरा सभ्यपणे.

शाळेच्या पातळीवर तर हे फारच उघडं दिसतं. जिल्ह्याच्या स्पर्धांत सगळे संघ फुल कोर्ट प्रेस लावतात (पूर्ण मैदानभर अडवतात), कारण समोरच्या संघात बॉल हाताळणारी एकच पोर असते हे सगळ्यांना माहीत असतं. ती अर्ध्या रेषेच्या पलीकडे पाय टाकते ना टाकते, तोच साइडलाइनच्या बाजूला दोघी तिच्यावर. मागे जाता येत नाही, बॅककोर्ट होतो (अर्धी रेषा मागे ओलांडली की बॉल समोरच्यांना). बाजूला रेषा. ती डोक्यावरून आंधळा पास फेकते आणि तो तिसरीच्या हातात. लगेच दोन गुण. आणि आमचे पालक ओरडत असतात, "पास दे की गं!" कोणाला देणार? बाकीच्या चौघी तिच्याकडे पाठ करून रिंगकडे पळतायत.

उलटाड्रिबल
लताताई, तुम्ही थेट आमच्या मैदानावर आलात, म्हणून आता खरं कारण सांगतो. आमच्या क्लबच्या सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये एक आहे, सगळ्यांत जास्त बास्केट तीच करते. ग्रुपमधल्या अर्ध्यांचं म्हणणं तिलाच पॉइंटला खेळवा. मी विरोधात आहे. बुकरबद्दलचं माझं मत कायम आहे, ते सोडा. पण हिच्याबद्दल तुमचा सल्ला हवा.

पक्का_विरोधक
म्हणजे आम्ही एवढा वेळ फिनिक्सवर भांडलो ते एका क्लबच्या टीमसाठी?

बाकावरचा
धाग्याचा टीआरपी आत्ता कुठे वाढला.

लेफ्टीलता
@उलटाड्रिबल, तिला न बघता ठामपणे सांगणार नाही, पण मी काय करते ते लिहिते.

पॉइंट कोण हे ठरवायच्या आधी दुसरी हँडलर (बॉल हाताळणारी) तयार करा. त्यासाठी सोपा खेळ: अर्ध्या कोर्टवर चार विरुद्ध चार, ड्रिबल बंद. फक्त पास आणि कट. तुमची स्कोअरर पहिले काही दिवस चिडेल. बॉल हातात घेऊन उभी राहील आणि तिच्याकडे कोणी येत नाही म्हणून वैतागेल. मग हळूहळू बॉल सोडून पळायला लागेल, आणि बाकीच्या मुली बॉलकडे यायला लागतील. तुम्हाला हे दुसरं हवंय.

मग प्रेसविरुद्ध तिला बॉल पहिल्यांदा द्यायचाच नाही. बेसलाइनवरून थ्रो-इन दुसरीला. स्कोअररने मधोमध, फ्री थ्रो रेषेच्या वर यायचं आणि दुसऱ्या पासावर बॉल घ्यायचा. तिच्यासाठी आखलेला ट्रॅप रेषेपाशी रिकामाच राहतो, आणि तिला समोर तोंड करून अर्धं कोर्ट मोकळं मिळतं. तिथून ती स्कोअरर म्हणून खेळो की प्लेमेकर म्हणून, समोरच्यांची पंचाईत. आणि ती थकली की दोन मिनिटं दुसरीला बॉल आणू द्या, तिला कोपऱ्यात उभी करा. कोपऱ्यात नुसती उभी असली तरी तिची डिफेंडर तिला सोडून जात नाही, हे तिला स्वतःला दिसू दे.

उलटाड्रिबल
मधोमध घ्यायचं डोक्यात आलं नव्हतं. दुसरी म्हणून एक डावखुरी आहे, हात चांगला आहे पण प्रेस आला की घाबरते.

लेफ्टीलता
डावखुरी? मग थ्रो-इन तिच्या डाव्या बाजूने सुरू करा, साइडलाइन तिच्या डाव्या हाताला येईल असं. बहुतेक मुली उजव्या हाताला अडवायच्या सवयीने उभ्या राहतात. पहिला ड्रिबल तिला फुकट मिळेल.

शेंगाचटणी
आयडी बघून सल्ल्यात पक्षपात वाटतोय.

लेफ्टीलता
अर्थातच आहे.

नवखा_वाचक
उलटाड्रिबल, स्पर्धा कधी आहे? आणि पालकांनी काय ओरडायचं तेही कोणीतरी सांगा, मुलाच्या सामन्याला मी 'पास दे'च ओरडत होतो.

लेफ्टीलता
'पास दे' बॉल असलेल्याला ओरडू नका. बाकीच्या चौघांना ओरडा, 'बॉलकडे ये'.